फोन नंबरची लिंक हमखास चालावी म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेबसाइटवरच्या नंबरला बोट लावलं की फोन लागावा, एवढीच अपेक्षा असते. त्यासाठी लागतो एका ओळीचा कोड, पण ती ओळ नाना तऱ्हांनी बिघडते. खालचे प्रश्न वेबसाइट बनवणारे आणि ती रोज सांभाळणारे अशा दोघांकडूनही येतात.

आधी एक खुलासा. या पानावर टॅगची नावं आणि अंक देवनागरीत छापले आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये नावं रोमन लिपीत आणि अंक इंग्रजीच लिहायचे; त्याचं कारण पुढे एका प्रश्नात येतं. उदाहरणासाठी घेतलेला +१-२०२-५५५-०१२३ हा नंबर कुणाचाही नाही. उत्तर अमेरिकेच्या नंबरव्यवस्थेत ५५५-०१०० ते ५५५-०१९९ हा पट्टा काल्पनिक वापरासाठी राखून ठेवलेला आहे.

फोन नंबरची लिंक नेमकी लिहायची कशी?

नेहमीच्या लिंकसारखीच, एचटीएमएलमधला लिंकचा ‘ए’ टॅग वापरून. फक्त ‘एचरेफ’मध्ये, म्हणजे लिंक कुठे जाते ते लिहायच्या जागी, वेबपत्त्याऐवजी आधी ‘टेल’, मग कोलन, मग अधिक चिन्ह, देशाचा कोड आणि उरलेला नंबर सलग लिहायचा: टेल:+१२०२५५५०१२३. कोलननंतर दोन तिरप्या रेघा नकोत. वेबपत्त्याच्या सवयीने त्या हातून पडतात, काही फोन त्या चालवूनही घेतात, पण मानकात त्यांना जागा नाही.

हे मानक म्हणजे डिसेंबर २००४ मधलं आरएफसी ३९६६ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे क्रमांकित दस्तऐवज). त्याआधी एप्रिल २००० मधलं आरएफसी २८०६ होतं. जुन्या लेखांतून उचललेल्या कोडमध्ये कधी कधी विचित्र अक्षरं दिसतात, ती बहुधा त्या जुन्या मानकातली असतात.

एक गोष्ट पक्की धरून चला. ‘एचरेफ’मधला नंबर यंत्रासाठी असतो आणि लिंकवर दिसणारा मजकूर माणसासाठी. माणसाला सोयीचं म्हणून यंत्राच्या नंबरमध्ये काही घालू नका. पुढचे निम्मे प्रश्न ही सरमिसळ झाल्यामुळेच उभे राहतात.

नंबरमध्ये स्पेस, डॅश, कंस चालतात का?

दिसणाऱ्या मजकुरात हवे तितके घाला. वाचायला सोपं जातं. लिंकच्या आतलं गणित वेगळं आहे. मानकानुसार डॅश, टिंब आणि कंस चालतात, स्पेस मात्र चालत नाही. यात थोडी गंमत आहे: छापील नंबर कसे लिहावेत हे सांगणारी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची ई.१२३ ही शिफारस नंबरचे गट पाडायला स्पेसच वापरा म्हणते. म्हणजे कागदावर जे शिफारसीला धरून आहे, तेच लिंकमध्ये चूक.

बरेच फोन स्पेस पोटात घालतात, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. माझं मत विचाराल तर आत नुसते अंक ठेवा, डॅशसुद्धा नको. मानकाने परवानगी दिली म्हणून वापरलंच पाहिजे असं नाही.

अधिक चिन्ह आणि देशाचा कोड लावायलाच हवा का? सुरुवातीच्या शून्याचं काय करायचं?

लावायलाच हवा. तुमचे सगळे ग्राहक एकाच देशातले असतील, पण त्यांतला एखादा प्रवासात असतो, एखाद्याचं सिमकार्ड दुसऱ्या देशाचं असतं. देशाच्या कोडाशिवायचा नंबर त्यांचा फोन आपल्या परीने समजून घेतो आणि भलतीकडे लावतो किंवा लावतच नाही. कोड लावलेला नंबर देशातल्या देशातही व्यवस्थित लागतो.

अधिक चिन्हाऐवजी दोन शून्यं लिहू नका. बऱ्याच देशांत परदेशी फोन लावताना आधी ०० फिरवतात, पण उत्तर अमेरिकेत ०११ आणि जपानमध्ये ०१०. अधिक चिन्ह पाहून मोबाइल योग्य ते काम स्वतः करतो.

सुरुवातीचं शून्य हा खरा सापळा. अनेक देशांत देशांतर्गत फोन लावताना नंबरच्या आधी शून्य फिरवावं लागतं, आणि देशाचा कोड लावला की ते गळतं. माहितीपत्रकांवर दोन्ही सोयी साधायला देशाच्या कोडानंतर कंसात शून्य छापतात. तोच मजकूर लिंकमध्ये गेला तर फोन कंस काढून टाकतो, शून्य मात्र ठेवतो, आणि नंबर चुकतो. म्हणून लिंकमधून ते शून्य काढा. इटलीत मात्र काढू नका; तिथल्या लँडलाइन नंबरांचं शून्य हा नंबरचाच भाग असतो आणि +३९ नंतरही राहतो. अशा अपवादांमुळेच ‘पहिलं शून्य उडवा’ असा सरसकट नियम कोडमध्ये लिहिणं धोक्याचं ठरतं. नंबर अनेक देशांचे असतील तर गूगलची लिबफोननंबर ही मुक्त लायब्ररी वापरा. तिला या खोडी माहीत आहेत आणि आरएफसी ३९६६ च्या साच्यातला नंबरही ती तयार करून देते.

लांबीलाही मर्यादा आहे. ई.१६४ या मानकाप्रमाणे देशाच्या कोडासह जास्तीत जास्त १५ अंक. तुमच्या यादीत त्याहून लांब नंबर असेल तर त्यात काहीतरी चिकटलं आहे.

आमची वेबसाइट मराठीत आहे. नंबरही देवनागरी अंकांत चालेल ना?

डोळ्यांना दिसणारा, जरूर. लिंकमधला, नाही. मानकात फक्त इंग्रजी अंकांना परवानगी आहे. देवनागरी अंक आत गेले की ब्राउझर प्रत्येक अंकाचं पर्सेंट चिन्हांसह नऊ अक्षरांचं एन्कोडिंग करून ते पुढे पाठवतो. ते उलगडून कुठला डायलर (फोन लावणारं ॲप) योग्य नंबर फिरवेल यावर भरवसा ठेवता येत नाही.

ही चूक हाताने लिहिताना क्वचित होते. ती बहुतेक वेळा कोड करतो. जावास्क्रिप्टमध्ये आकडे स्थानिक पद्धतीने दाखवण्याची सोय मराठीसाठी वापरली की ती आपोआप देवनागरी अंक देते, वर स्वल्पविरामही घालते. नंबर ‘संख्या’ म्हणून साठवला असेल आणि कुणी सगळ्या संख्या एकाच फंक्शनमधून फिरवल्या, तर फोन नंबरही त्यातून निघतो. फोन नंबर ही संख्या नाहीच मुळी. त्याची बेरीज कुणी करत नाही. तो मजकूर म्हणूनच साठवा.

साफसफाईच्या कोडमध्येही भाषेगणिक फरक पडतो. ‘अंक सोडून बाकी सगळं काढा’ असा रेगेक्स (मजकुरातला साचा शोधणारं सूत्र) जावास्क्रिप्टमध्ये लिहिला तर तिथे अंक म्हणजे फक्त इंग्रजी अंक, त्यामुळे देवनागरी नंबर पूर्ण पुसला जातो आणि ‘टेल:’पुढे काहीच उरत नाही. पायथन ३ मध्ये तोच रेगेक्स देवनागरी अंकांनाही अंक मानतो आणि जसेच्या तसे पुढे सोडतो. एकीकडे रिकामी लिंक, दुसरीकडे न लागणारी. उपाय सोपा आहे: साफसफाईच्या आधी अंक बदलून घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींतल्या अक्षरांच्या क्रमवार यादीत, देवनागरी शून्य २४०६ व्या जागी आहे, इंग्रजी शून्य ४८ व्या, आणि पुढचे नऊ अंक दोन्हीकडे क्रमानेच येतात. प्रत्येक देवनागरी अंकातून २३५८ वजा केले की काम झालं.

नंबर अगदी बरोबर दिसतो, तरी फोन लागत नाही. असं कसं?

न दिसणाऱ्या अक्षरांवर पहिला संशय घ्या. फोनच्या संपर्कयादीतून किंवा मेसेजमधून नंबर कॉपी केला की त्याच्या पुढेमागे कधी कधी मजकुराची दिशा सांगणारी युनिकोड अक्षरं येतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत. लिंकमध्ये मात्र असतात. वर्ड प्रोसेसरमधून घेतलेल्या नंबरात साध्या डॅशच्या जागी लांब डॅश किंवा ओळ न तुटणारा डॅश असतो, स्पेसच्या जागी न तुटणारी स्पेस. कोलननंतर फक्त अधिक चिन्ह आणि अंक ठेवून बाकी सगळं गाळणारी एक ओळ कोडमध्ये असली की हा त्रास मुळातून जातो.

दुसरा संशय स्प्रेडशीटवर. एक्सेलमध्ये +१२०२५५५०१२३ टाइप केलं तर ती संख्या समजली जाते आणि अधिक चिन्ह गळून पडतं. सुरुवातीचं शून्य असेल तर तेही. बारा किंवा जास्त अंकी नंबर घातांकाच्या रूपात दिसू लागतो, आणि तशीच सीएसव्ही फाइल सेव्ह केली तर शेवटचे अंक कायमचे जातात. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा आणि मगच नंबर भरा. उलट क्रमाने केलं तर गेलेले अंक परत येत नाहीत.

टॅप केलं की ‘पान सापडलं नाही’ येतं, किंवा रिकामा टॅब उघडतो.

रिकाम्या टॅबचं कारण बहुधा ‘टार्गेट ब्लँक’. बाहेरच्या सगळ्या लिंक नव्या टॅबमध्ये उघडायच्या असा नियम थीममध्ये असतो आणि फोनची लिंकही त्यात सापडते. ते ॲट्रिब्यूट काढा.

‘पान सापडलं नाही’ची कारणं दोन. लिंकचा रकाना भरताना ‘टेल’ विसरून नुसता नंबर लिहिला, तर ब्राउझर त्याला तुमच्याच वेबसाइटचं पान समजतो. काही संपादन-साधनं लिंकला वेबपत्ता मानून पुढे ‘एचटीटीपी’ही चिकटवतात. दुसरं कारण आधुनिक फ्रेमवर्कचं: आतल्या पानांसाठीचा लिंक-घटक फोनसाठी वापरला की राउटर (पत्त्यावरून पान निवडणारा कोड) ‘टेल’ला पानाचा मार्ग समजतो. फोनला साधा ‘ए’ टॅगच हवा.

काहीच घडत नसेल, त्रुटीही दिसत नसेल, तर पानावरची एखादी स्क्रिप्ट क्लिक मधल्यामध्ये अडवत असते. हळुवार स्क्रोलच्या आणि मेनू बंद करण्याच्या स्क्रिप्ट यात पटाईत. आणि लिंक आयफ्रेममध्ये (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानात) असेल तर त्यावर निर्बंध घालणारं ‘सँडबॉक्स’ ॲट्रिब्यूट पाहा. सँडबॉक्स केलेल्या आयफ्रेममधून बाहेरचं ॲप उघडायला क्रोम मनाई करतो, जोवर तुम्ही तशी परवानगी लिहून देत नाही. ‘अलाउ-पॉपअप्स’ किंवा खास यासाठीचं ‘अलाउ-टॉप-नेव्हिगेशन-टू-कस्टम-प्रोटोकॉल्स’ यांपैकी एखादं दिलं की चालतं. तयार वेबसाइट बनवून देणाऱ्या सेवांवर ‘एचटीएमएल चिकटवा’ असा जो चौकोन मिळतो, तो बऱ्याचदा असाच आयफ्रेम असतो. तिथली परवानगी तुमच्या हातात नसते. अशा वेळी त्या सेवेचं स्वतःचं बटण वापरलेलं बरं.

ब्राउझरमध्ये लिंक चालते, पण आमच्या ॲपमध्ये तेच पान उघडलं की चालत नाही.

ॲपमधलं पान वेबव्ह्यूत, म्हणजे ॲपच्या आत बसवलेल्या छोट्या ब्राउझरमध्ये, उघडतं. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूला ‘टेल’ काय असतं हे आपणहून कळत नाही. तो ते वेबपान समजून उघडायला जातो आणि अनोळखी स्कीमची (पत्त्याच्या सुरुवातीच्या शब्दाची) त्रुटी दाखवतो. ॲपच्या कोडमध्ये ‘शुडओव्हरराइडयूआरएललोडिंग’ या जागी ‘टेल’ ओळखून डायलरला द्यावं लागतं. देताना ‘ॲक्शन डायल’ वापरा. त्याने डायलर नंबर भरून उघडतो आणि कसलीही परवानगी मागावी लागत नाही. ‘ॲक्शन कॉल’ थेट फोन लावतो, पण त्यासाठी वापरणाऱ्याकडून फोन करण्याची परवानगी घ्यावी लागते. एका लिंकपायी ती मागू नये असं माझं स्पष्ट मत आहे, लोक बिचकतात. आयफोनवरही नेव्हिगेशन डेलिगेटमध्ये (लिंक उघडण्याआधी चालणाऱ्या ॲपच्या कोडमध्ये) ‘टेल’ ओळखून ते सिस्टिमच्या हवाली करणं हा खात्रीचा मार्ग.

फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह या ॲप बनवण्याच्या साधनांत ‘ही लिंक उघडता येईल का’ असं आधी विचारण्याची पद्धत आहे. अँड्रॉइड ११ पासून ॲपला इतर ॲप सहजासहजी दिसत नाहीत. ॲपच्या मॅनिफेस्ट फाइलच्या ‘क्वेरीज’ भागात ‘टेल’ची नोंद नसेल तर डायलर असूनही उत्तर ‘नाही’ येतं. एक तर नोंद करा, नाहीतर न विचारता सरळ उघडायला सांगा आणि फसलं तर नंबर कॉपी करायची सोय दाखवा.

कॉम्प्युटरवर क्लिक केलं की भलतंच ॲप उघडतं. ते थांबवता येईल का?

नाही. ब्राउझर नंबर ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवतो आणि बाजूला होतो. मॅकवर फेसटाइम पुढे येतं, विंडोजवर फोन लिंक किंवा ऑफिसने बसवलेलं एखादं कॉलिंग ॲप, आणि काहीच बसवलेलं नसेल तर काहीच होत नाही. म्हणून मोठ्या पडद्यावर नुसतं ‘फोन करा’ असं बटण ठेवू नका. नंबर मजकूर म्हणून दिसू द्या, निवडून कॉपी करता येऊ द्या. कॉम्प्युटरवर लिंक काढून टाकण्याची युक्तीही सुचवली जाते. मी ती करत नाही, कारण ऑफिसात बसून हेडसेटवर फोन करणाऱ्यांना ती लिंक हवी असते.

आयफोनवर ऑर्डर क्रमांकालाही फोनची लिंक लागते. का?

सफारी पानावरचे फोनसारखे दिसणारे अंक शोधून स्वतःच लिंक करते. पानाच्या ‘हेड’ भागात ‘फॉरमॅट-डिटेक्शन’ नावाचा मेटा टॅग घालून त्यात ‘टेलिफोन=नो’ लिहिलं की हे थांबतं. तुम्ही स्वतः लिहिलेल्या ‘टेल’ लिंकना त्याने धक्का लागत नाही. उलट सगळे नंबर नीट लिंक करून हा टॅग लावणं हीच स्वच्छ पद्धत.

रिॲक्ट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरत असाल तर याला आणखी एक कारण. सर्व्हरवरून आलेल्या पानात सफारीने मध्येच लिंक घुसवली की रिॲक्टला पान ओळखू येत नाही आणि हायड्रेशनची (तयार पानाला कोड जोडण्याच्या टप्प्याची) त्रुटी येते. ती फक्त आयफोनवर दिसत असल्याने कारण शोधता शोधता माणूस मेटाकुटीला येतो.

एक्सटेन्शन (ऑफिसातला आतला नंबर) कसं द्यायचं?

मानकात नंबरनंतर अर्धविराम, ‘ईएक्सटी’, बरोबर चिन्ह आणि एक्सटेन्शन असा साचा आहे. मोबाइलवर मात्र नंबरनंतर स्वल्पविराम आणि मग एक्सटेन्शन ही पद्धत जास्त उपयोगी पडते: स्वल्पविराम म्हणजे थोडं थांबून पुढचे अंक पाठव. यंत्राचं स्वागत लांब असेल तर दोन-तीन स्वल्पविराम लागतात. हा जुगाड आहे. स्वागताचं रेकॉर्डिंग बदललं की वेळ चुकते. एक्सटेन्शन मजकुरातही लिहाच.

तारा (*) आणि हॅश (#) असलेले कोड लिंकमध्ये का चालत नाहीत?

आयफोन ते मुद्दाम नाकारतो: लिंकमध्ये यांतलं एक जरी चिन्ह असलं तरी तो नंबर लावत नाही. कारण अशा कोडांनी फोनच्या सेटिंग बदलता येतात, कॉल दुसरीकडे वळवता येतात. ही भीती कल्पनेतली नाही. २०१२ मध्ये सुरक्षा संशोधक रविशंकर बोरगावकर यांनी एकोपार्टी परिषदेत दाखवलं की काही सॅमसंग फोनवर वेबपानातल्या एका ‘टेल’ पत्त्याने, वापरणाऱ्याने काहीही न दाबता, फोनमधली सगळी माहिती पुसली जाऊ शकते. डायलर तेव्हा असे कोड मिळताक्षणी चालवत असे. नंतर ही त्रुटी दुरुस्त झाली.

शिवाय हॅशचा वेबपत्त्यात वेगळाच अर्थ आहे, त्यामुळे तो पर्सेंट चिन्हासह २३ असा लिहावा लागतो. असे कोड लिंक न करता फक्त छापावेत हे उत्तम.

पान उघडताच किंवा एका टॅपमध्ये थेट फोन लावता येईल का?

थेट नाही, आणि वरचा किस्सा वाचल्यावर का ते विचारायला नको. आयफोन आधी नंबर दाखवून विचारतो. अँड्रॉइड डायलर उघडून थांबतो.

लिंकचा मजकूर कसा असावा?

नंबर दिसलाच पाहिजे, आणि तो कुणाचा हेही: ‘विक्री विभाग: +१ २०२ ५५५ ०१२३’. ‘इथे क्लिक करा’ने स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारं साधन) वापरणाऱ्याला काही कळत नाही. ‘आरिया-लेबल’ (स्क्रीन रीडरने वाचायचं नाव) देणार असाल तर दिसणारा मजकूर त्यात जसाच्या तसा असू द्या; आवाजाने फोन चालवणारे लोक जे दिसतं तेच बोलतात. नंबर चित्रात टाकू नका. स्पॅमपासून वाचवण्यासाठी लोक तसं करतात आणि खऱ्या ग्राहकालाच अडवतात.

नंबर ओळीच्या शेवटी मधोमध तुटू नये म्हणून सीएसएसमध्ये ‘व्हाइट-स्पेस: नोरॅप’ द्या. टॅप करायची जागा पुरेशी मोठी ठेवा: डब्ल्यूसीएजी २.२ (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे नियम) किमान २४ बाय २४ पिक्सेल म्हणतं, ॲपल ४४ पॉइंट आणि अँड्रॉइड ४८ डीपी. एकाखाली एक तीन नंबर असतील तर मधलं अंतर वाढवा, नाहीतर विक्रीचे फोन तक्रार विभागात जातात.

किती जणांनी फोन केला हे कळू शकतं?

किती जणांनी लिंक दाबली हे कळतं, फोन लागला का हे नाही. क्लिक मोजायला वापरता त्या टॅग मॅनेजरमध्ये ‘टेल’ने सुरू होणाऱ्या लिंकवरच्या क्लिकसाठी ट्रिगर लावा. येणाऱ्याप्रमाणे नंबर बदलून दाखवणारी कॉल ट्रॅकिंग सेवा घेतली असेल तर ती मजकूर आणि ‘एचरेफ’ दोन्ही बदलते आहे ना ते पाहा. दिसतो एक आणि लागतो दुसरा, असं झालं तर आकडेही खोटे आणि ग्राहकही गोंधळलेला.

११२ सारखे छोटे नंबर आणि टोल-फ्री नंबर?

११२ ला अधिक चिन्ह किंवा देशाचा कोड लावू नका. नुसते तीन अंक. टोल-फ्री नंबर बऱ्याचदा परदेशातून लागत नाही, म्हणून शेजारी एक साधा नंबरही द्या. अंकांच्या जागी इंग्रजी अक्षरं वापरून लिहिलेले नंबर लिंकमध्ये अंकांत बदलूनच टाका.

एसएमएस आणि व्हॉट्सॲपच्या लिंकलाही हेच नियम?

जवळपास. एसएमएससाठी ‘टेल’च्या जागी ‘एसएमएस’; त्याचं मानक आरएफसी ५७२४, सन २०१०. व्हॉट्सॲपची लिंक मात्र साधा वेबपत्ता असते आणि तिच्यात देशाचा कोड हवा, पण अधिक चिन्ह, सुरुवातीची शून्यं, कंस, डॅश काहीच नको. एकच साठवलेला नंबर दोन्हीकडे वापरताना ही चूक नेमाने होते.

तपासायचं कसं?

खऱ्या फोनवर. आयफोनच्या सिम्युलेटरमध्ये फोन ॲपच नसतं, त्यामुळे तिथे बरोबर लिंकही चुकीची ठरते. एक अँड्रॉइड, एक आयफोन, एक कॉम्प्युटर, आणि तुमचं पान जिथे जिथे उघडतं ती ॲप, एवढ्या जागी दाबून पाहा. डायलरमध्ये आलेला नंबर अंक-अंक वाचून ताडा, आणि एकदा फोन लावून पलीकडे योग्य माणूसच उचलतो याची खात्री करा. नंबर बदलला की लिंक, मजकूर, तळटीप आणि सर्च इंजिनसाठी लिहिलेली स्कीमा माहिती अशा चारही जागा बदलाव्या लागतात. नंबर एकाच ठिकाणी साठवून सगळीकडे तिथूनच घेतलात तर हे काम एका बदलात होतं.